मामा दर दुकानापाशी का थांबतो? पायातल्या बारीक रक्तवाहिन्यांची गोष्ट

या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला की "आईबाबांना पाठवायचंय, पण ते ऐकणार नाहीत, लिहून दे." म्हणून हा लिखित अवतार. बोलताना जे "म्हणजे", "बघा", "काय सांगू" येतं ते थोडं कापलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस आहे. घरात एक प्रॉब्लेम आला, त्यात मी स्वतः एक मोठी चूक केली, आणि ती चूक समजून घेताना जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते सांगतोय. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या पायाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर डॉक्टरांनाच विचारा.

मामाचं विंडो शॉपिंग

माझा मामा नाशिकला असतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, आता रिटायर झालाय. बारा वर्षांपासून शुगर. विडी तरुणपणापासून, मामीच्या भाषेत "लग्नाआधीची सवत".

तीनेक वर्षांपूर्वी मी सुट्टीत गेलो होतो. आम्ही दोघं रविवार कारंज्यावरून मेन रोडनं चाललो होतो. मामा एका भांड्यांच्या दुकानापाशी थांबला. आत बघतोय. दोन मिनिटांनी पुढे निघाला. मग चपलांच्या दुकानापाशी थांबला. मग साड्यांच्या. मी म्हटलं, "मामा, तुला साडी घ्यायचीय?" तर हसला आणि म्हणाला, "नाही रे, पोटरी भरून येते. दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी होते. नुसतं रस्त्यात उभं राहायला लाज वाटते, म्हणून दुकानात बघायचं."

गंमत म्हणजे जर्मन भाषेत या त्रासाचं नावच "शाउफेन्स्टरक्रांकहाइट" आहे, म्हणजे "दुकानाच्या काचेचा आजार". तिथले लोकही हेच करतात! डॉक्टरी नाव आहे इंटरमिटंट क्लॉडिकेशन. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ लंगडणं. ठराविक अंतर चाललं की पोटरी दुखते, जड होते, गोळा आल्यासारखं वाटतं. थांबलं की काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, दुखणं जातं. परत तेवढंच चाललं की परत तेच.

मामाला याचं सगळ्यात जास्त दुःख कुठे होतं माहितीये? संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते आणि नाशकातून जाते. मामा दरवर्षी एक दिवस तरी पालखीबरोबर चालायचा. ते बंद झालं होतं. तीन वर्षं तो रस्त्याच्या कडेला उभा राहून हात जोडत होता.

पॅरिसमधला घोडा

हा आजार म्हणजे पेरिफेरल आर्टरी डिसीज, थोडक्यात पीएडी. पायाकडे जाणाऱ्या धमन्यांच्या आतल्या भिंतीवर चरबीचा आणि कॅल्शियमचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. हृदयाच्या ब्लॉकेजचाच हा भाऊ, फक्त पत्ता वेगळा. २०१५ मध्ये जगात सुमारे २३ कोटी ६० लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. तरी आपल्याकडे "हार्टला ब्लॉकेज" सगळ्यांना माहीत, "पायाला ब्लॉकेज" म्हटलं की लोक विचारतात, असं पण असतं का?

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं ते माणसात नाही, घोड्यात. १८३१ मध्ये बुली नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं एका घोडीचं वर्णन केलं. थोडं धावली की मागच्या पायांनी लंगडायची, थांबवली की ठीक. मेल्यावर तपासलं तर मागच्या पायांच्या मोठ्या धमन्या बंद झालेल्या. १८५८ मध्ये शार्को या फ्रेंच डॉक्टरनं सांगितलं की माणसातही अगदी हेच होतं.

तेव्हापासून लोकांच्या डोक्यात जे चित्र बसलं ते असं: पाइप चोंदला, रक्त कमी, पाय दुखतो. पाइप साफ करा, पाय ठीक. चित्र चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. आणि राहिलेल्या अर्ध्यामुळेच मामाचं गाडं अडलं.

डॅशबोर्ड हिरवा, अ‍ॅप मात्र हँग

मामाला दाखवलं. डॉक्टरांनी एक अगदी साधी टेस्ट केली. दंडाचं ब्लडप्रेशर घेतलं, घोट्याचं घेतलं, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागलं. याला एबीआय म्हणतात. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास किंवा थोडा वर असतो. ०.९० किंवा त्याखाली आला की पीएडी. मामाचा दंडाचा वरचा आकडा १३० आणि घोट्याचा ८८. भागाकार ०.६८.

पुढे तपासण्या झाल्या, मांडीतल्या धमनीत ब्लॉकेज सापडलं, दिवाळीच्या आधी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. नंतर एबीआय आला ०.९४. घरात पेढे वाटले!

पण चालणं? आधी मामा दुसऱ्या दुकानापाशी थांबायचा, आता चौथ्या. सुधारणा होती, नाही असं नाही. पण आम्हाला वाटलं होतं की मामा आता सरळ रामकुंडापर्यंत जाईल. मामी वैतागली. आईचा फोन आला, "एवढे पैसे घालून दादाचा पाय तसाच. फसवलं की काय आपल्याला?"

फसवलं नव्हतं. स्टेंट छान बसला होता, धमनी उघडी होती. माझ्या कामात हा प्रकार रोजचा आहे. मॉनिटरिंगच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं, आणि युजर ओरडतोय की अ‍ॅप लोड होत नाही. तेव्हा डॅशबोर्ड खोटं बोलत नसतो. तो एवढंच सांगतो की तो ज्या जागी मोजतो ती जागा ठीक आहे. एबीआय मोठ्या धमनीतला दाब मोजतो. स्नायूच्या आत पेशीला ऑक्सिजन पोचला का, हे तो मोजतच नाही. त्यामुळे एबीआय सारखाच असलेली दोन माणसं, एक अर्धा किलोमीटर आरामात चालतो आणि दुसरा शंभर मीटरला थांबतो, असं खुशाल होऊ शकतं.

हे मी मामाला माझ्या पद्धतीनं समजावत होतो, सर्व्हर वगैरे. त्यानं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे सरळ सांग ना. डिझेलची लाइन साफ केली, पण नोझल चोंदलेले असतील तर गाडी घाट चढणार नाही."

मंडळी, हा आख्खा एपिसोड त्या एका वाक्यात आहे. पुढचं सगळं म्हणजे नोझलची गोष्ट.

नोझल म्हणजे नेमकं काय?

मांडीतली मोठी धमनी पुढे फुटत फुटत जाते. शेवटी येतात त्या अगदी बारीक धमन्या. यांच्या भिंतीत स्नायू असतो, त्यामुळे त्या आकसू शकतात आणि पसरू शकतात. आपल्याकडे पाणी सोडणारा माणूस असतो ना, सकाळी या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला, मग त्या गल्लीचा? तेच काम यांचं. कुठल्या स्नायूला आत्ता किती रक्त, हे इथे ठरतं.

त्यांच्या पुढे केशवाहिन्या. नाव केसावरून, पण केसापेक्षा कितीतरी बारीक. केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉनची. लाल रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉनची, म्हणजे बऱ्याच ठिकाणी ती अंग चोरून, वाकून, एकामागे एक अशी जाते. भिंत फक्त एका पेशीच्या थराची. ऑक्सिजन रक्तातून स्नायूत उतरतो तो मुख्यतः इथे. मोठ्या धमनीतून कितीही रक्त आलं तरी डिलिव्हरी इथेच व्हायची.

या बारीक वाहिन्या स्नायूच्या मागणीप्रमाणे उघडतात-मिटतात हे दाखवणाऱ्या डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० चं नोबेल मिळालं. आणि वाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून तिला "पसर" असं सांगतं, या शोधाला १९९८ चं नोबेल. नोझलच्या अभ्यासाला दोनदा नोबेल मिळालंय, आणि आपण अजून पाइपमध्येच अडकलोय!

आता चालताना काय होतं ते बघा. पाइपचं गणित कडक आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली आणि दाब तेवढाच राहिला, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. मग पीएडीच्या माणसाचा पाय बसल्याजागी का दुखत नाही? कारण ब्लॉकेजच्या पुढचे व्हॉल्व्ह आधीच उघडून बसलेले असतात. वरून पाणी कमी येतंय म्हटल्यावर खालच्या सगळ्या तोट्या मोकळ्या सोडल्या, तसं. त्यामुळे आरामात बसल्यावर पुरेसं रक्त मिळतं.

मग माणूस चालायला लागतो. पोटरीची मागणी कैक पटींनी वाढते. निरोगी माणसात व्हॉल्व्ह आणखी उघडतात आणि प्रवाह वाढतो. इथे ते आधीच उघडे आहेत, शिल्लक काहीच नाही. वर अरुंद जागेतून जास्त रक्त ढकलायला गेलं की तिथे दाब आणखी पडतो. त्यात पोटरीचा स्नायू आकसताना स्वतःच्याच वाहिन्या पिळतो, म्हणजे रक्त शिरायला दोन पावलांच्या मधलाच वेळ. ऑक्सिजन संपतो, पोटरी भरून येते. मामा साडीच्या दुकानात बघायला लागतो.

स्टेंटनं यातला पहिला अडथळा काढला. पण नोझल स्वतःच आजारी असतील तर?

नोझल आजारी कसे पडतात?

तीन गोष्टी होतात.

एक, अस्तर बिघडतं. शुगर, तंबाखू, वाढलेलं कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर, ही सगळी मंडळी नायट्रिक ऑक्साइडचं काम बिघडवतात. व्हॉल्व्हला "उघड" हा निरोपच नीट जात नाही. शुगरमध्ये केशवाहिनीच्या भिंतीचं बाहेरचं आवरणही जाड होतं.

दोन, केशवाहिन्यांची संख्या घटते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी पीएडीच्या रुग्णांच्या पोटरीतून स्नायूचा छोटा तुकडा घेऊन केशवाहिन्या मोजल्या. निरोगी लोकांपेक्षा त्या विरळ होत्या. आणि ज्यांच्या जास्त विरळ, त्यांची चालण्याची क्षमताही कमी. हा अभ्यास २०११ चा.

तीन, स्नायूच्या आतलं इंजिन बिघडतं. पेशीतले मायटोकॉन्ड्रिया, जे ऑक्सिजन वापरून शक्ती बनवतात, ते पीएडीमध्ये खराब होतात. म्हणजे पोचलेला ऑक्सिजनही नीट वापरला जात नाही.

हा प्रश्न फक्त चालण्यापुरता नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सव्वा लाख माजी सैनिकांच्या माहितीवरचा एक अभ्यास आला. नुसता पीएडी असेल तर पाय किंवा बोट कापावं लागण्याचा धोका सुमारे १४ पट. नुसता बारीक वाहिन्यांचा आजार असेल, म्हणजे डोळ्याचा पडदा, किडनी किंवा नसा यांना झालेला, तर सुमारे ३.७ पट. दोन्ही असतील तर जवळपास २३ पट. डोळ्यातल्या बारीक वाहिन्या खराब असणं हे पायाबद्दलही सांगतं, कारण वाहिन्या एकाच शरीराच्या आहेत. मामाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी "पडद्यावर शुगरचा परिणाम दिसतोय" असं लिहून दिलं होतं. तो कागद पायाच्या फाइलमध्ये कधी गेलाच नाही. आम्हाला वाटलं, डोळ्याचा पायाशी काय संबंध?

माझी चूक: सहा हजार पावलं

आता माझी चूक. स्टेंटनंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, "रोज चाला, दुखेपर्यंत चाला, मग थांबा, परत चाला." घरी येईपर्यंत त्या वाक्याचं झालं, "रोज चाला." आणि मामी, आई, मी, सगळ्यांनी मिळून त्याचं केलं, "दुखतंय तर कशाला चालतोस? हळूहळू, घरातल्या घरात चाल."

मी तर हिरोच. संक्रांतीला मामाला स्मार्टवॉच घेऊन दिलं. रोज सहा हजार पावलांचं टार्गेट लावलं. मामा हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून गॅलरीत, अगदी सावकाश फिरून सहा हजार पूर्ण करायचा. मला पुण्यात फोनवर दिसायचं, टार्गेट पूर्ण, हिरवा गोल! महिना गेला. मामा अजून चौथ्याच दुकानापाशी.

मग मी शोधायला लागलो आणि "लाइट" नावाच्या चाचणीपाशी पोचलो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पीएडीचे ३०५ रुग्ण, एक वर्ष. एका गटाला सांगितलं, घराजवळ चाला, पण दुखणार नाही अशा संथ गतीनं. दुसऱ्या गटाला सांगितलं, मध्यम ते जोरात दुखेल अशा गतीनं चाला. तिसऱ्या गटाला चालण्याचा व्यायाम नाही. चालणाऱ्या दोन्ही गटांना अंगावर लावायचं यंत्र आणि फोनवरून कोचिंग होतं. वर्षानंतर मोजलं, सहा मिनिटांत किती मीटर चालतात.

दुखेपर्यंत चालणारे: सरासरी ३४.५ मीटरनं वाढले.
आरामात चालणारे: ६.४ मीटरनं घटले.
न चालणारे: १५.१ मीटरनं घटले.

आरामात चालणारे आणि न चालणारे, यांच्यात सांख्यिकीच्या हिशोबानं फरकच नव्हता! म्हणजे आम्ही मामाला मायेनं जे करायला लावत होतो, त्याचा चालण्याच्या क्षमतेला जवळजवळ काहीच उपयोग नव्हता. मी वॉच घेऊन दिलं होतं आणि डॉक्टरांच्या वाक्यातला नेमका औषधाचा भाग काढून टाकला होता.

आणि नुसत्या गॅजेटबद्दलही ऐका. २०१८ च्या "ऑनर" नावाच्या चाचणीत २०० रुग्ण होते, त्यातल्या एका गटाला अंगावर लावायचं यंत्र आणि फोन कोचिंग दिलं, पण नऊ महिन्यांनी सहा मिनिटांच्या चालण्यात सुधारणा झाली नाही. पावलं मोजल्यानं केशवाहिनी वाढत नाही. माझ्यासारख्या टेक लोकांनी हे वाक्य फ्रेम करून लावावं.

दुखण्यानं आत काय होतं?

केशवाहिनी वाढण्यासाठी स्नायूला "मला कमी पडतंय" असा निरोप द्यावा लागतो. दुखेपर्यंत चालल्यावर पोटरीत ऑक्सिजन खरोखर कमी होतो, आणि तोच निरोप असतो. स्नायू नवीन वाहिन्या फुटायला लावणारी रसायनं सोडतो. थांबल्यावर रक्त धावत येतं, अस्तरावरून घासत जातं, आणि त्या घासण्यानं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडायला पुन्हा शिकतं. मायटोकॉन्ड्रियाही कामाला लागतात.

ड्यूकच्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात व्यायाम सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यातच केशवाहिन्यांची दाटी वाढलेली दिसली. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता त्यानंतर वाढली. आधी नोझल, मग पिकअप!

मग ही वाढवणारी रसायनं थेट इंजेक्शननं दिली तर? तेही करून झालंय. २००३ ची "रेव्ह" नावाची चाचणी. वाहिन्या वाढवणाऱ्या एका घटकाचं जीन पायाच्या स्नायूत टोचलं. चालण्यात फायदा झाला नाही. स्नायूला सगळं एकत्र, योग्य वेळी, योग्य जागी लागतं, आणि ते चालण्यातून मिळतं.

आणि मजा म्हणजे या सगळ्यात एबीआय बहुधा आहे तिथेच राहतो. माणूस जास्त चालतो, आकडा तोच.

"मग स्टेंट फुकट गेला का?" अजिबात नाही. इथे नीट ऐका, कारण हे वाचून कोणी ऑपरेशन टाळू नये. २०१२ च्या "क्लेव्हर" चाचणीत पोटातून पायाकडे जाणाऱ्या धमन्यांत ब्लॉकेज असलेले १११ रुग्ण होते. औषधं सगळ्यांना. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरचा जास्तीत जास्त वेळ नुसत्या औषधांनी १.२ मिनिटांनी वाढला, स्टेंटनं ३.७ मिनिटांनी, देखरेखीखालच्या व्यायामानं ५.८ मिनिटांनी. पण रोजच्या जगण्यातला आराम कसा वाटतो हे विचारल्यावर स्टेंटवाले जास्त खूश होते. आणि २०१५ मध्ये नेदरलँड्समधली २१२ रुग्णांची "इरेझ" चाचणी आली. नुसत्या व्यायामापेक्षा स्टेंट वगैरे अधिक व्यायाम हा गट जास्त चालला. म्हणजे लाइनही साफ पाहिजे आणि नोझलही. मामाचं वाक्यच शेवटी खरं.

आम्ही काय केलं

परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हृदय तपासलं, ईसीजी वगैरे, कारण पायात ब्लॉकेज असलेल्याच्या हृदयातही असू शकतं. फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पद्धत अशी:

चालायला लागायचं. पोटरी दुखायला लागली तरी लगेच थांबायचं नाही. दुखणं मध्यम ते जोरात झालं की थांबायचं. पूर्ण मोकळं होईपर्यंत थांबायचं. परत चालायचं. थांबण्यासकट ३० ते ४५ मिनिटं. आठवड्यातून किमान तीन दिवस. किमान बारा आठवडे. बारा आठवड्यांच्या आधी "काही फरक नाही" म्हणायचं नाही.

घराजवळ एक शाळेचं ग्राउंड आहे. एक फेरी साधारण २५० मीटर, मी फोनवर मोजली. पहिल्या दिवशी मामा एका फेरीत दोनदा थांबला. वॉच आता पावलं मोजत नाही, आम्ही फक्त स्टॉपवॉच वापरतो: किती वेळानं थांबला, किती वेळानं मोकळं झालं. मामी सोबत जाते. तिला सगळ्यात अवघड गेलं ते मामाचा चेहरा वाकडा होताना "बस झालं" न म्हणणं.

विडी सुटायला मात्र झगडावं लागलं. दोनदा सुटली, दोनदा लागली. मी त्याला एवढंच सांगितलं, "सकाळी ग्राउंडवर नोझल साफ करतोस आणि संध्याकाळी टपरीवर परत कचरा टाकतोस." मेकॅनिकला ते लागलं. तिसऱ्यांदा सुटलीय, अजून तरी.

कोणी असं चालायचं नाही

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

रात्री झोपल्यावर किंवा बसल्याजागी पावलात दुखत असेल, पाय खाली सोडून बसल्यावर बरं वाटत असेल, बोटावरची जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल, तर हे "चालून बघू" प्रकरण नाही. लगेच डॉक्टर. अचानक एक पाय थंड, पांढरा, बधिर पडला आणि जोरात दुखायला लागला, तर थेट इमर्जन्सी, त्यात तास महत्त्वाचे असतात. चालताना छातीत दुखलं किंवा दम लागला तर तिथेच थांबायचं आणि दाखवायचं.

शुगरवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. नसा बधिर झाल्या असतील तर पोटरी दुखतच नाही, आणि आजार लपून राहतो. आणि शुगरमध्ये धमन्या कडक झाल्यामुळे एबीआय खोटा चांगला येऊ शकतो. १.४० च्या वर आला तर तो "एकदम मस्त" नाही, तेव्हा पायाच्या बोटाचा दाब मोजतात.

तुमचे प्रश्न

"मी २६ वर्षांचा आहे, मला कशाला हे?" तुझ्या घरात पन्नाशी-साठीचं कोणी आहे ना, त्यांच्यासाठी. आणि सिगारेट, विडी, तंबाखू चालू असेल तर तुझ्यासाठीही. बर्गर डिसीज नावाचा आजार आहे, खायच्या बर्गरशी संबंध नाही, १९०८ मध्ये लिओ बर्गर या डॉक्टरनं वर्णन केलेला. हातापायांच्या लहान आणि मध्यम वाहिन्या सुजून बंद होतात. होतो तो जवळजवळ फक्त तंबाखूवाल्यांना, बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत, आणि आपल्या भागात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. त्यावर खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद.

"कंबरेच्या नसेमुळेही चालताना पाय दुखतात ना?" हो, दुखतात. ढोबळ फरक असा: रक्ताचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी जातं, नसेचं दुखणं बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर जातं. पण नक्की काय ते एबीआय करूनच ठरवा, माझ्या ब्लॉगवरून नको.

शेवटी

चार महिन्यांनी मामा न थांबता तीन फेऱ्या मारायला लागला. एबीआय परत केला. ०.९३. म्हणजे स्टेंटनंतर होता जवळपास तेवढाच! रिपोर्ट बघून मामी म्हणाली, "काहीच वाढलं नाही की." मामा म्हणाला, "अगं, तो लाइनचा आकडा आहे. नोझलचा आकडा ग्राउंडवर आहे."

या वर्षी पालखी त्र्यंबक रोडनं आली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो. मामा कडेला उभा राहिला नाही. दिंडीबरोबर चालला. मध्ये तीनदा थांबला, पण दुकानात बघितलं नाही. कडेला उभा राहून पोटरी चोळली, "मोकळी झाली" म्हणाला आणि परत चालायला लागला. तेवढ्यात दिंडी पुढे गेली होती, तर मागून येणाऱ्या दिंडीत घुसला.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसाबरोबर बाजारात चालत जा. ते किती वेळा थांबतात, कुठे बघत उभे राहतात, तेवढं फक्त बघा. आणि थांबत असतील तर "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणू नका. एबीआय करून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर चालत राहा!